५१२ केबीचा बोर्ड, ४०८८ केबीचा सातबारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जालन्याच्या भंगारात भट्टीच्या वाटेवर असलेला एक पीडीपी-११/०३, म्हणजे डिजिटल कंपनीचा जुना छोटा संगणक, तुम्ही वाचवून लातूरला आणला. पेटी बीए११-एम, आत चार ओळींचा एच९२७० बॅकप्लेन, म्हणजे बोर्ड ज्यात खोचायचे आणि ज्याच्या मागे त्यांच्या पिना एकमेकींना जोडलेल्या असतात ती चौकट. मूळचा एलएसआय-११ प्रोसेसर, म्हणजे एम७२६४, मेलेला निघाला. त्याच्या जागी बाहेरदेशातून मागवलेला केडीजे११-ए, म्हणजे एम८१९२, बसवलात आणि सोबत ५१२ केबीचा एम८०६७ मेमरी बोर्ड. कन्सोलवर @ (प्रोसेसर हुकूम घ्यायला तयार असल्याची खूण) आला, फ्लॉपीवरून आरटी-११ ही ऑपरेटिंग सिस्टिम चढली, दोन दिवस छान चालली. मग मेमरी मोजायचा छोटा प्रोग्राम चालवला तर तो ४०८८ केबी सांगतो, आणि तिचा एक्सएम मॉनिटर (वरची मेमरी वापरणारा गाभ्याचा प्रोग्राम, स्क्रीन नव्हे) चढवला की मशीन भरकटतं. मेमरी बोर्ड खराब निघाला का, आणि मित्राकडे पडून असलेली आरएलव्ही११ या डिस्क कंट्रोलरच्या बोर्डांची जोडी या पेटीत चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

मेमरी बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. आरएलव्ही११ ची जोडी या पेटीत घालू नका, "बघू तरी" म्हणून एकदासुद्धा नाही. आणि तुमच्या मशीनला आत्ता मिळतेय ती मेमरी ना ४०८८ केबी, ना ५१२. ती आहे फक्त २५६ केबी.

हे असं का होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण यातच सगळी गोम आहे. डिजिटलच्या त्या काळच्या बोर्डांची आणि स्लॉटांची घडणच अशी की जवळजवळ काहीही कशातही बसतं. प्रत्येक कनेक्टरला ३६ पिना, बोर्डाच्या एका अंगाला १८, दुसऱ्या अंगाला १८. दोन कनेक्टरचा तो ड्युअल बोर्ड, चारचा क्वाड, सहाचा हेक्स. बस म्हणजे सगळ्या बोर्डांना जोडणाऱ्या सामाईक रेषा; तुमच्या पेटीतली ती क्यू-बस, डिजिटलच्या दुसऱ्या पीडीपी-११ यंत्रांतली युनिबस. युनिबसचा क्वाड बोर्ड क्यू-बसच्या स्लॉटात सरळ आत जातो, पीडीपी-८/ई चा ऑम्निबसवाला बोर्डही जातो. माप तेच, पिनांची जात वेगळी. म्हणून "बोर्ड बसला" याला आमच्या धंद्यात काडीची किंमत नाही. किंमत आहे ती मागच्या बाजूला कुठली पिन कुठल्या पिनेला जोडलीय याला.

एलएसआय-११ आला १९७५ साली. तेव्हा ६४ केबी म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढे पत्त्याच्या रेषा १८ झाल्या, म्हणजे २५६ केबी. मग २२ झाल्या, म्हणजे ४ एमबी. या शेवटच्या चार रेषा, बीडीएएल१८ ते बीडीएएल२१, ज्या पिनांवर आल्या त्या बीसी१, बीडी१, बीई१ आणि बीएफ१. जुन्या बॅकप्लेनमध्ये या चारही पिना मोकळ्या सोडलेल्या होत्या. प्रत्येक स्लॉटात आहेत, पण एका स्लॉटातून दुसऱ्यात जात नाहीत. तुमचा एच९२७० त्या पिढीतला आहे.

म्हणजे तुमचा प्रोसेसर २२ रेषांवर पत्ता टाकतो, मेमरी बोर्ड २२ रेषा वाचायला तयार बसलाय, आणि मधल्या रस्त्यात चार रेषा तुटलेल्या. प्रोसेसरने ३०० केबीच्या आसपासचा पत्ता मागितला की वरचा बिट वाटेत गळतो आणि मेमरीला तो ४४ केबीच्या आसपासचा दिसतो. ती इमानदारीने तिथली वस्तू देते. मोजणारा प्रोग्राम काय करतो, एकेक टप्पा पुढे सरकत "कोणी आहे का?" विचारतो आणि उत्तर येणं थांबलं की मोजणी थांबवतो. इथे उत्तर थांबतच नाही. २५६ केबीचं तेच पोतं सोळा वेळा काट्यावर चढतं. वरचं ८ केबीचं आय/ओ पेज (मेमरीऐवजी पोर्ट, कंट्रोलर अशा उपकरणांना राखलेले पत्ते) वगळून बरोबर ४०८८ होतात.

मग @ का आला, फ्लॉपी का चालली? कारण आय/ओ पेजला त्या वरच्या रेषांची गरजच नाही. पत्ता आय/ओ पेजमधला असला की प्रोसेसर बीबीएस७ नावाची एक वेगळी रेषा ओढतो, आणि सिरियल पोर्ट असो की फ्लॉपी कंट्रोलर, ती रेषा आणि खालचे १३ बिट एवढंच बघतात. आरटी-११ चा साधा मॉनिटर तर खालच्या ५६ केबीतच नांदतो. त्यामुळे दोन दिवसच काय, दोन वर्षंही तक्रार आली नसती. एक्सएम वरच्या मेमरीत हात घालतो आणि तिथे वरची म्हणून जी जागा मिळते ती खालच्याच घरातली असते. मॉनिटर स्वतःच्याच अंथरुणाखाली सुरुंग लावतो.

हा अनुभव मला वाळूजमध्ये फुकट मिळाला, म्हणजे पगार चालू असताना. १९८० च्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. एका कारखान्यात चाचणीच्या यंत्राला क्यू-बसची पेटी जोडलेली होती, देखभाल माझ्याकडे. एका पुरवठादाराने नवीन प्रोसेसर आणि मेमरी बसवून दिली, स्क्रीनवर आकडा दाखवला, सही घेतली आणि गेला. आमचा मदतनीस परभणीकडचा, तो खूश. "साहेब, चार एमबी दाखवायलंय की! पैसे तर अर्ध्या एमबीचेच दिलेत आपण." मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सातबाऱ्यावर बारा एकर आणि कसायला दीड, अशातली गत होती. आठवड्याभरात चाचणीच्या अहवालात दुसऱ्याच यंत्राचे आकडे उमटायला लागले. पुरवठादार म्हणाला सॉफ्टवेअर बघा, सॉफ्टवेअरवाला म्हणाला मेमरी बदला. मेमरी दोनदा बदलून झाली. शेवटी एका रात्री पेटीची मागची पाटी काढली, मीटर बीपवर लावला, पहिल्या स्लॉटच्या बीसी१ वर एक टोक, दुसऱ्या स्लॉटच्या बीसी१ वर दुसरं. शांतता. तेव्हापासून बोर्डावर जेवढे चिप आहेत त्यापेक्षा जास्त मेमरी दिसली की मी बोर्डाकडे बघतही नाही, सरळ पेटी उलटी करतो.

आता आरएलव्ही११ चं. यासाठी बॅकप्लेनची दुसरी बाजू समजून घ्यावी लागते. क्वाड स्लॉटात ए, बी, सी, डी असे चार कनेक्टर. ए-बी वर बस असतेच. सी-डी वर काय आहे, यावरून बॅकप्लेनचे दोन घराणे पडतात. पहिल्यात सी-डी वरही तीच बस पुन्हा येते, म्हणजे एका ओळीत दोन ड्युअल बोर्ड शेजारी बसू शकतात. तुमचा एच९२७० असा आहे, नंतरचा २२ रेषांचा एच९२७५ ही असाच. दुसऱ्या घराण्यात सी-डी वर बस नसतेच. तिथे एका स्लॉटच्या एका अंगाच्या पिना शेजारच्या स्लॉटच्या दुसऱ्या अंगाला जोडलेल्या असतात, म्हणजे दोन शेजारी बोर्डांना आपसात कुजबुजायला खासगी रस्ता. एच९२७३ त्यातला, १८ रेषांचा. एच९२७६ त्यातलाच, पण २२ रेषांचा. बीए२३ पेटीतला एच९२७८ दोन्हीचं मिश्रण: आठपैकी पहिल्या तीन स्लॉटांना खासगी रस्ता, उरलेल्या पाचांना दोन्हीकडे बस.

आरएलव्ही११ म्हणजे एम८०१३ आणि एम८०१४ असे दोन क्वाड बोर्ड, आणि ते एकमेकांशी बोलतात ते याच खासगी रस्त्याने. तुमच्या पेटीत त्या पिनांवर बसचे सिग्नल आणि वीजही आहे. एका बोर्डाचं आउटपुट थेट बसवर, बसचे सिग्नल बोर्डाच्या पोटात. ड्रायव्हर चिप गेल्या तर नवल नाही, आणि त्या चिप आता शोधत फिरावं लागतं. आरएल०१-०२ डिस्क लावायचीच असेल तर आरएलव्ही१२ शोधा, एम८०६१. एकच क्वाड बोर्ड, खासगी रस्ता लागत नाही आणि २२ रेषा समजतो. मित्राची जोडी एच९२७३ असलेल्या एखाद्याला द्या, तिथे तिचं सोनं होईल.

याच जातीची चूक डिजिटलच्याच मायक्रोव्हॅक्स २ या नंतरच्या संगणकाच्या मेमरीबाबतही होते. तो मेमरी बोर्ड सी-डी चा खासगी रस्ता आणि वरून येणारी पट्टीची केबल वापरतो. बीए२३ च्या चौथ्या स्लॉटात तो अगदी मऊसूत जातो आणि तिथे त्याचं काहीही काम नसतं. एम८१९० प्रोसेसर आणि त्याच्या पीएमआय मेमरीचंही (प्रोसेसरला खासगी रस्त्याने जोडलेली मेमरी) तेच, वर त्यात मेमरी प्रोसेसरच्या आधी की नंतर यावरून वेग ठरतो. तुमच्याकडे यातलं काही नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

उलट दिशेची अडचणही सांगून ठेवतो, कारण एकदा पेटी २२ रेषांची केली की तुम्हाला जुने बोर्ड तिच्यात घालायचा मोह होणारच. एम७२६४ आणि त्याचा धाकटा भाऊ एम७२७० त्या चार पिना स्वतःच्या वेगळ्या कामाला वापरतात. ते २२ रेषांच्या पेटीत घातले की बाकीच्यांना पत्त्याच्या नावाखाली भलतंच ऐकू येतं. केडीएफ११-ए प्रोसेसर, म्हणजे एम८१८६, घेताना तांब्याच्या नक्षीची आवृत्ती बघा, सुरुवातीचे बोर्ड १८ रेषांचेच आहेत. शिवाय त्यावर एमएमयूची (वरच्या मेमरीचे पत्ते लावून देणारी) चिप आहे की सॉकेट रिकामं आहे तेही बघा. चिप नसेल तर १८ चं सोडाच, तो १६ वरच थांबतो.

मेमरीत एमएसव्ही११-डी या जुन्या बोर्डाला १८ च्या वरचं काही दिसत नाही, त्यामुळे तो दर २५६ केबीला "हजर" म्हणतो आणि नव्या मेमरीच्या हजेरीतही तोंड घालतो. तो काढून ठेवा. त्याहून जुना एम७९४४ हाती लागला तर तो शोकेसमध्ये ठेवायचा. त्या मेमरीला स्वतःचं रिफ्रेश नाही, जुना एलएसआय-११ प्रोसेसर किंवा वेगळा बोर्ड तिला बसवरून सतत जागं ठेवायचा. तुमचा एम८१९२ ते काम करत नाही. लिहिलेलं काही वेळात पुसट होत जातं आणि माणूस चिप बदलत बसतो.

सगळ्यात वाईट म्हणजे डीएमए करणारे, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता स्वतःच मेमरीत लिहिणारे-वाचणारे, १८ रेषांचे कंट्रोलर. आरएक्स०२ फ्लॉपीचा आरएक्सव्ही२१ त्यातला. बफर २५६ केबीच्या वर असला तर तो वरचे बिट न टाकताच लिहितो, म्हणजे खालच्या मेमरीत कोणाच्या तरी डोक्यावर. एररही येत नाही. तुमचा आरएक्सव्ही११, एम७९४६, मात्र निर्धोक आहे. तो डीएमए करत नाही, प्रोसेसरच एकेक बाइट उचलून नेतो. हळू आहे, पण शेजाऱ्याच्या शेतात औत घालत नाही.

आता दुरुस्ती. एच९२७० ला चार रेषा जोडणं हे अवघड काम नाही, फक्त सावकाश करायचं काम आहे. मी हे आजवर तीन पेट्यांवर केलंय.

सगळे बोर्ड बाहेर काढा, वीज काढा, पेटी पालथी घाला. मागून पिना दिसतात. इथे पहिला सापळा: तुम्ही मागून बघताय, म्हणून डावं-उजवं उलटलेलं आहे. ए कनेक्टर कुठे ते अंदाजाने ठरवू नका. समोरून एका स्लॉटात रिकामा, टाकाऊ बोर्ड घाला, त्याच्या बीसी१ च्या सोनेरी पट्टीवर मीटरचं एक टोक धरा आणि मागे बीप ऐका. सापडलेल्या पिनेवर नखपॉलिशचा ठिपका द्या. घरात मुलगी असेल तर परवानगी घेऊन. दुसरा सापळा अक्षरांचा: पिनांच्या नावांत जी, आय, ओ आणि क्यू नाहीत. बीसी१ ते बीएफ१ पर्यंत फरक पडत नाही, त्या सरळ तिसरी ते सहावी आहेत. पण पुढे ग्रँटच्या (बोर्डाला मिळणाऱ्या परवानगीच्या) पिना मोजताना एएम२ ही तेरावी नसून अकरावी, एआर२ अठरावी नसून चौदावी. यात भले भले फसलेत.

सी-डी वर बस पुन्हा आलेली असल्यामुळे त्या जोडीत त्याच पिना डीसी१, डीडी१, डीई१, डीएफ१ या नावाने येतात. म्हणजे चार ओळी, प्रत्येकीत दोन जागा, एकूण आठ. प्रत्येक रेषेला आठ पिना जोडायला सात तुकडे, चार रेषांचे अठ्ठावीस. जोडण्याआधी प्रत्येक पिन खरंच मोकळी आहे ना ते तपासा. ग्राउंडशी नाही, पाच व्होल्टशी नाही, बारा व्होल्टशी नाही, शेजारणीशी नाही. आधीच्या मालकाने तिथे स्वतःचं काही जोडलेलं असू शकतं, मला एका पेटीत खास पंख्याचा अलार्म जोडलेला सापडलाय. वायर-रॅपची बारीक तार घ्या, चार रेषांना चार रंग. गुंडाळायला पिन पुरेशी लांब नसेल तर बारीक टोकाने डाग द्या, पण डाग देताना डोळ्याला भिंग आणि हाताला टेकू हवा. तारा ताणून बसवू नका, थोडी ढील ठेवा. शेवटी प्रत्येक रेषेचा पहिल्या ते आठव्या जागेपर्यंत बीप, आणि चारही रेषा एकमेकींशी बीप देत नाहीत हेही.

काम झालं की पेटीवर बाहेरून ठळक लिहा: २२ रेषा, एम७२६४ घालू नये. आज तुम्हाला आठवेल, पाच वर्षांनी तुमच्या विद्यार्थ्याला आठवणार नाही.

एका गोष्टीबद्दल तुमचं अभिनंदन, मुद्दाम केलं असो वा नसो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एम८१९२ च्या शेजारी, त्याच ओळीत, डीएलव्ही११-जे हा सिरियल पोर्टचा बोर्ड बसलेला दिसतो. जुना प्रोसेसर क्वाड होता, पूर्ण ओळ व्यापायचा. नवा ड्युअल आहे, म्हणून शेजारची जागा रिकामी पडते, आणि रिकामी जागा राहिली की ग्रँटची साखळी तिथेच तुटते. बाकी सिग्नल सगळ्यांना एकाच वेळी पोचतात, पण इंटरप्टची आणि डीएमएची परवानगी मात्र हातोहात जाते. एएम२ वर येते, एएन२ वर पुढे जाते; एआर२ वर येते, एएस२ वर पुढे जाते. मधे माणूसच नसेल तर तांब्या पुढे सरकत नाही. आणि एच९२७० मध्ये ही वाट सरळ खाली जात नाही. नांगरताना बैल तास संपला की बांधाशी वळतो आणि शेजारच्या तासाने उलट येतो, तशी जाते: पहिल्या ओळीत ए-बी कडून सी-डी कडे, दुसऱ्या ओळीत सी-डी कडून परत ए-बी कडे, तिसरीत पुन्हा पहिल्यासारखी. म्हणून तिसऱ्या ओळीत एकच ड्युअल बोर्ड घालायचा असेल तर तो ए-बी मध्ये. जागा रिकामी ठेवणं भागच असेल तर एम९०४७ हे ग्रँट कार्ड. ते नसेल तर टाकाऊ बोर्डावरचे सगळे घटक काढून, त्या दोन जोड्या तारेने जोडून घरी बनवता येतं.

तुमची मांडणी मी अशी ठेवली असती: पहिल्या ओळीत प्रोसेसर आणि शेजारी डीएलव्ही११-जे, दुसरीत मेमरी, तिसरीच्या ए-बी मध्ये आरएक्सव्ही११, आणि शेवटच्या ओळीत तुमचा बीडीव्ही११ हा बूटचा बोर्ड. एम८१९२ वर ना सिरियल पोर्ट आहे ना बूटचा रॉम, त्यामुळे डीएलव्ही आणि बीडीव्ही दोन्ही काढून चालणार नाहीत. बीडीव्ही११ दुसरंही काम करतो, बसच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेशन देतो. नव्या चार रेषांना ते टर्मिनेशन त्या बोर्डावर आहे का ते मीटरने बघा, जुन्या प्रतींत या रेषा वाऱ्यावर सोडलेल्या असू शकतात. नसेल तर इतर रेषांना जसे दोन रोधक आहेत, एक पाच व्होल्टला, एक ग्राउंडला, तसे त्याच किमतीचे या चौघींनाही लावा.

वीजपुरवठ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तुमच्याकडे मे महिन्यात वीज कशी जाते-येते ते मला ठाऊक आहे. मूळचा एच७८० पाच व्होल्टला १८ अँपिअर आणि बारा व्होल्टला ३.५ अँपिअर देतो, तुमच्या मांडणीला पुरेल. तो जिवंत असेल तर त्यातले मोठे कपॅसिटर तपासून तोच ठेवा. पीसीचा एसएमपीएस लावायचा विचार डोक्यात येईल. व्होल्टेज तो देईल, शिस्त देणार नाही. क्यू-बसला नुसती वीज पुरत नाही, दोन संकेत लागतात: बीए१ वरचा बीडीसीओके आणि बीबी१ वरचा बीपीओके. वीज स्थिर झाल्यावर किमान ३ मिलीसेकंदांनी पहिला, त्यानंतर किमान ७० मिलीसेकंदांनी दुसरा. वीज जाताना आधी बीपीओके पडतो आणि प्रोसेसरला आवराआवर करायला निदान ४ मिलीसेकंद मिळतात. हे दोन्ही संकेत एकदम वर बांधून टाकलेली मशीन मी पाहिलीत. चालू होतात, नाही असं नाही. पण दिवा लुकलुकला की फ्लॉपीवर काय लिहिलं जाईल ते देव जाणे.

एच७८० घड्याळाचा ठोकाही मेन्सवरून घेतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ. बाहेरून आलेली आरटी-११ ६० च्या हिशोबाने बांधलेली असेल तर घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडेल. ते बिघाड समजून बोर्ड काढू नका, सिस्टिममध्ये ५० सांगा.

तुमचे विद्यार्थी पुढेमागे युनिबसची पेटी घेऊन येतील म्हणून दोन ओळी. तिथे १८ रेषांच्या वर काही नाही, त्यामुळे ही भानगड नाही, दुसऱ्या आहेत. डीएमए करणारा बोर्ड घालताना त्या स्लॉटच्या मागची सीए१-सीबी१ ही तार काढावी लागते, बोर्ड काढला की परत लावावी लागते. ती तार कोणीतरी काढून विसरलेला असतो, हे गृहीत धरूनच सुरुवात करायची. आणि रिकाम्या स्लॉटात ग्रँटचं छोटं कार्ड हवंच. हैदराबादला ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या टीडीसी-३१६ संगणकावर हात बसलेली जुनी माणसं मला भेटायची, ती कुठल्याही यंत्रापाशी गेली की आधी मागच्या तारा बघायची, समोरचे दिवे नंतर. तेव्हा गंमत वाटायची.

तारा जोडून झाल्यावर तपासणी मशीनच्याच तोंडून करून घ्या, सॉफ्टवेअर चढवायच्या आधी. @ वर ० हा पत्ता उघडा आणि त्यात १२३४५६ लिहा. मग १०००००० उघडा. हे ऑक्टल आहे, म्हणजे बरोबर २५६ केबीची वेस. आज, तारा नसताना, तिथेही १२३४५६ दिसेल; आत्ताच करून बघा, म्हणजे माझ्या बोलण्याची खात्री पटेल. क्रम मात्र हाच ठेवा, आधी शून्यावर लिहायचं आणि मग वर वाचायचं. एम८१९२ ला ८ केबीची कॅश आहे, उलट क्रमाने केलंत तर ती खाली जुनंच मूल्य दाखवू शकते आणि सगळं ठीक आहे असा भास होतो.

तारा जोडल्यावर १०००००० वर दुसरं काहीतरी दिसलं पाहिजे, आणि तिथे लिहिलेलं शून्यावर उमटता कामा नये. ही झाली बीडीएएल१८, म्हणजे बीसी१ ची रेषा. उरलेल्या तिघींसाठी २००००००, ४०००००० आणि १००००००० हे पत्ते एकेक करून उघडा. तुमची मेमरी ५१२ केबीला संपते, म्हणून या तिन्ही ठिकाणी कोणीही उत्तर देता कामा नये, आणि कन्सोलने तीनदा ? छापलं पाहिजे. जिथे ? ऐवजी १२३४५६ दिसेल ती तार कुठेतरी सुटलीय: २०००००० ला दिसलं तर बीडी१ ची, ४०००००० ला बीई१ ची, १००००००० ला बीएफ१ ची. तीन प्रश्नचिन्हं मिळाली की मग एक्सएम चढवा.